कागदाच्या कुंड्यांत रोपं: बुरशी, सुटणारा तळ आणि कुठला कचरा खरंच कामाचा?

ग्रिलवाली बाग, घोडबंदर रोड

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की टोमॅटो, मिरची, वांगी आणि कारल्याचा एक वेल लावायचा आहे. बाग म्हणजे बाराव्या मजल्यावरची पश्चिमेची ग्रिल, ऊन दुपारी एकनंतर. रोपांसाठी प्लॅस्टिकचे ट्रे घ्यायचे नाहीत, घरातल्या टाकाऊ वस्तूंच्याच कुंड्या करून त्या रोपासकट मातीत लावायच्या असा विचार आहे.

सध्या वर्तमानपत्राच्या कुंड्या केल्यात. कणकेच्या खळीने चिकटवल्या, आत नर्सरीची लाल माती आणि गांडूळखत निम्मंनिम्मं. तीन अडचणी आल्यात. बाहेरून पांढरी बुरशी धरलीय. कुंडी उचलली की तळ खाली राहतो. टोमॅटोची रोपं दोन पानांवर येऊन फिकट पिवळी पडली आहेत.

शिवाय अंड्याचं टरफल, संत्र्याची साल, करवंटी, अंड्यांचा ट्रे असले प्रकार व्हिडिओत दिसतात. व्हिडिओत सगळंच उगवतं. प्रत्यक्षात काय चालतं, काय नाही, ते कारणासकट सांगाल का?

सानपाड्याचा माळी

आधी लाल माती काढा. कुंडीत ती थापून बसते आणि पाणी सोडत नाही. जेमतेम 200 मिलीच्या कुंडीत वरून पाणी ओतलं की तळाचा कागद दिवसभर चिंब राहतो, तळ सुटतो तो त्यामुळे. मिश्रण असं करा: 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग चाळलेलं गांडूळखत, 1 भाग जाड वाळू किंवा भाताचं तूस. 24 कुंड्यांना साधारण 5 लिटर मिश्रण लागतं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजल्यावर 8-9 लिटर होते, म्हणजे एक वीट भरपूर झाली. मात्र ती धुतल्याशिवाय वापरू नका. बादलीत भिजवा, मुठीने पिळा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. तिसऱ्या पाण्याचा तांबडा रंग बराच उतरतो. न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार कोवळ्या मुळांना जाळतात आणि पानांच्या कडा करपतात. मग दोष कागदाला जातो.

खळही नको. ओल्या कणकेवर बुरशी सगळ्यात आधी येते, पाठोपाठ झुरळं. कागद नीट दुमडला तर चिकटवायला काहीच लागत नाही.

कृती: वर्तमानपत्राचं एक सुटं पान, साधारण 33 बाय 54 सेंमी. लांबीच्या बाजूने त्याच्या चार पट्ट्या करा, प्रत्येक पट्टी 33 बाय 13 सेंमीच्या आसपास येते. साचा म्हणून 6 सेंमी व्यासाचा, सरळ कडांचा स्टीलचा पेला किंवा अर्ध्या लिटरची बाटली. पट्टी साच्याभोवती सैलसर गुंडाळा, तळाच्या बाजूला 4-5 सेंमी कागद बाहेर ठेवा. तो भाग चारही बाजूंनी आत दुमडा आणि साचा ओट्यावर जोरात दाबून अर्धा फिरवा. घड्या बसतात. पेला ओढून काढला की 8 सेंमी उंचीची कुंडी तयार. एका पट्टीला कागदाचे पावणेदोन थर येतात, ही कुंडी दोन आठवडे टिकते. मिरचीसारख्या हळू वाढणाऱ्या रोपाला पट्टी 26 सेंमी रुंद घ्या, लांबीत दुमडून दुहेरी करा आणि दुमडलेली कड वर ठेवा. साडेतीन थर होतात, चार-पाच आठवडे निघतात. त्याहून जाड कराल तर मुळं कागद भेदत नाहीत, आतच गोल फिरत राहतात.

सुट्या कुंड्या उलगडतात. मिठाईच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात एकमेकींना टेकवून उभ्या करा आणि मधल्या फटींत ओलं कोकोपीट भरा. उचलताना काठाला धरू नका, तळाखाली उलथनं घाला.

पाणी वरून द्यायचंच नाही. डब्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी घाला, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. हे ओतणं विसरू नका. साचलेल्या पाण्यात डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते आणि सध्या दिवस डेंग्यूचे आहेत.

रोप आधी, कुंडी नंतर (खारघर)

पिवळेपणाबद्दल. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, लाकडातला तंतू, त्यात नत्र नाहीच म्हटलं तरी चालेल. तो कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींना मात्र नत्र लागतं, आणि ते त्या शेजारच्या मिश्रणातून ओढून घेतात. रोपाच्या वाट्याला कमी येतं. ओळख अशी: आधी खालची दलपत्रं (बी रुजताना येणारी पहिली जोडी) पिवळी पडतात, मग खरी पानं फिकट होतात, शिरांसकट सारखीच. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर दुखणं वेगळं, नत्राचं नव्हे.

उपाय सोपा आहे. पहिली दोन खरी पानं आली की गांडूळपाणी दहापट पाण्यात, किंवा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा. तेही तळातूनच. त्याआधी खत देऊ नका, तोवर रोप बियाण्यातल्या साठ्यावर जगतं.

पांढरी बुरशी दिसते भयंकर, पण ती कागद खाते, रोप नाही. तिचा अर्थ इतकाच की कुंडी सतत ओली आहे आणि वारा लागत नाही. फटीतलं कोकोपीट एकदा सुकू द्या, डबा ग्रिलच्या कडेला सरकवा. काळजी करायची ती रोपं कोलमडण्याची: देठ मातीलगत पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक होतं आणि सकाळपर्यंत रोप आडवं. हे पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे बुरशींचं काम, त्या मिश्रणातून येतात. पडलेलं रोप वाचत नाही, ते मिश्रणासकट काढून टाकायचं. बाकीच्यांसाठी पेरणीनंतर वरून 3 मिमी कोरडी जाड वाळू पसरा, पाणी सकाळीच द्या आणि एका कुंडीत एकच रोप ठेवा. दुसरं उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजाऱ्याची मुळं हलत नाहीत.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना रोखणारी बुरशी) वापरायचा तर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ही बुरशी सेल्युलोज कुजवण्यात पटाईत आहे. रोपांना ती चांगलीच, पण कागदाची कुंडी लवकर मऊ होते. पाच आठवडे कुंडीत राहणाऱ्या मिरचीसाठी वापरणार असाल तर साडेतीन थरांचीच कुंडी करा.

उगाच_उठाठेव

माझा मुळातच प्रश्न आहे. टोमॅटो, मिरची, वांगी यांना विरघळणारी कुंडी हवीच कशाला? ही तिन्ही रोपं उपटून लावलेली निमूट सहन करतात. शेतकरी पिढ्यान् पिढ्या गादीवाफ्यावरून मुठी-मुठीने उपटून लावत आलाय. टोमॅटो तर देठ खोल गाडलं तर देठाला नवीन मुळं फोडतो. या तिघांना जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात एकत्र पेरा, दोन खरी पानं आली की सुटं करा, झालं.

विरघळणाऱ्या कुंडीचा खरा फायदा वेलभाज्यांना: कारलं, काकडी, दुधी, दोडका, भोपळा. यांची मुळं दुखावली की रोप आठ-दहा दिवस तसंच रुसून बसतं. म्हणजे तुमच्या यादीत कागद लागतो तो फक्त कारल्याला, आणि त्याला पावणेदोन थरांची कुंडी पुरते, कारण दोन-तीन पानांवर, 12-15 दिवसांत, ते बाहेर पडायलाच हवं. कारल्याचं बी जाड कवचाचं असतं. टोकाकडचं कवच नेलकटरने किंचित उडवा, रात्रभर भिजवा, आणि दीड ते दोन सेंमी खोल आडवं पेरा.

मुळा, गाजर, बीट यांना कुठलीच कुंडी नको. थेट जागेवर.

सानपाड्याचा माळी

गादीवाफ्याचं बरोबर, पण शेतात उपटलेलं रोप संध्याकाळी लावतात आणि रात्रभर गार हवा मिळते. बाराव्या मजल्यावर पश्चिमेची ग्रिल, ऑक्टोबरचं ऊन आणि खाडीवरून येणारा वारा, तिथे मुळं मोडलेली मिरची दोन दिवस मान टाकते आणि फुलं उशिरा येतात. टोमॅटोला कागद नको हे मान्य. मिरची-वांग्याला ठेवा.

चोथा आणि साल (नेरूळ)

व्हिडिओवाल्या वस्तूंचं सांगते.

अंड्याचं टरफल: आत 30-40 मिली माती बसते. ऑक्टोबरात ती दुपारी बारापर्यंत खडखडीत. कवच मुळांना भेदता येत नाही, म्हणून लावताना चुरडावंच लागतं आणि चुरडताना मूळ तुटतं. कॅल्शियम मिळतं म्हणतात, पण अख्ख्या टरफलातून ते रोपाच्या वयात सुटत नाही. पावडर करून मोठ्या कुंडीच्या मातीत घाला, तेवढा उपयोग पुरे.

संत्र्या-मोसंबीची, लिंबाची साल: नको. सालीतलं तेल कोवळ्या मुळांना मानवत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत चार दिवसांत हिरवी बुरशी आणि चिलटं. कंपोस्टच्या डब्यात थोडी थोडी टाका.

करवंटी: नारळी पौर्णिमा ते गणपती घरोघरी ढीग होतो. पण ही विरघळणारी वस्तू नाही, मातीत कित्येक वर्षं तशीच राहते. म्हणून रोपासकट गाडू नका, पुन्हा पुन्हा वापरायची कुंडी समजा. डोळे असलेली अर्धी घ्यायची. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, स्क्रू-ड्रायव्हरने तोच फोडा. भोकावर नारळाच्या शेंडीचा बोळा ठेवला की माती वाहून जात नाही. कोथिंबीर, मेथी, तुळशीचं रोप यांना छान.

अंड्यांचा ट्रे, तीस अंड्यांचा, लगद्याचा: खोली कमी. झेंडू, पालेभाज्या, 10-12 दिवसांचा मुक्काम. ट्रे स्वतःच पाणी शोषतो, म्हणून पेरण्याआधी पूर्ण भिजवून घ्या. प्रत्येक खळग्याला काडीने भोक पाडा. वाशीच्या फळबाजारात या दिवसांत हिमाचल-काश्मीरची सफरचंदं येतात, पेट्यांतले लगद्याचे ट्रे फळवाले टाकूनच देतात. ते अंड्याच्या ट्रेपेक्षा उथळ, फक्त बी रुजवायला घ्या.

पेपर कप: दिसतो कागद, आत प्लॅस्टिकचा अस्तर असतो. विरघळत नाही. दुधा-ज्यूसचे खोके तसेच. दुकानाची गुळगुळीत बिलंही मातीत नकोत. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो, पण चिकटपट्टी आणि लेबल सोलून. पाण्यात भिजवला की त्याचे थर सुटतात, मधला नागमोडी थर एकटा वापरा, पट्टीसारखा गुंडाळता येतो.

द्रोण: पळसाच्या पानांचे, काड्यांनी टाचलेले असतील तर उत्तम, तळाला भोक पाडलं की दोन आठवडे बिनघोर. बाजारातल्या बऱ्याच द्रोणांना आतून चकचकीत थर असतो. कोपरा फाडून बघा, पापुद्रा निघाला तर बाजूला ठेवा.

आणि ज्याचा कुणी व्हिडिओ करत नाही ते केळीचं सोपट. गणपतीत, सत्यनारायणाला दारात केळीचे खांब लावतात, दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या कचऱ्यात जातात. खोडाचे थर एकेक सोलले की वाकलेल्या पन्हाळ्यासारखे तुकडे निघतात. बाहेरचे दोन थर टाका, फार ताठ असतात. आतल्यांचे 25 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद पट्टे कापा. एक पट्टा इंग्रजी यू सारखा वाकवा, दुसरा त्याला आडवा घाला म्हणजे तळ दुहेरी होतो, आणि भोवती सुतळीचे दोन वेढे द्या. दोन दिवस सावलीत मरगळू दिले की वाकवताना तडकत नाहीत. सोपटाच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळे कागदापेक्षा निम्म्या वेळा पाणी द्यावं लागतं. तीन आठवड्यांत काळं पडून मऊ होतं, मुळं सहज बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात किंचित आंबूस वास येतो, घरात चालणार नाही, ग्रिलमध्ये चालतो. कारल्याला कागदापेक्षा मी हेच सुचवीन.

कागदाचा लगदा, कळवा

कुणी लगद्याच्या कुंड्यांचं विचारायच्या आत सांगतो. मेथी वाटून लगद्यात घालायची आणि टोपल्या करायच्या ही आपल्याकडची जुनीच रीत. 100 ग्रॅम वर्तमानपत्र रात्रभर भिजवायचं, मिक्सरमधून काढून पिळायचं, त्यात 20 ग्रॅम मेथीची भिजवून वाटलेली पेस्ट, आणि वाटीच्या बाहेरून 3 मिमी जाड थापायचं. चार-पाच कुंड्या होतात. ओलं असतानाच तळाला बोटाएवढं भोक.

पण रोपासकट गाडायला हा प्रकार चुकीचा आहे. मेथीचा चिकटा सुकला की कुंडी पुठ्ठ्यासारखी कडक होते, महिन्याभरातही मुळं तिला भेदत नाहीत. टोपली म्हणूनच तिचं मोल. शिवाय तिला वाळायला दोन दिवस कडक ऊन लागतं. सप्टेंबरच्या हवेत वाळण्याआधी ती आतून कुजते. मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवा, आणि लावताना तळ कापून फक्त कडं वापरा.

ग्रिलवाली बाग, घोडबंदर रोड

सगळ्यांचे आभार. चोथाताई, सोपटाचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या सोसायटीच्या मंडपातले चार खांब बघून ठेवले आहेत.

दोन शंका. वर्तमानपत्रात भजी बांधू नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं, मग त्याच शाईच्या कागदात भाजी वाढवणं योग्य का? आणि आज सप्टेंबरचा पहिला आठवडा आहे, कुठली पेरणी कधी करू? मिरचीला उशीर झाला का?

रोप आधी, कुंडी नंतर (खारघर)

शाई: भज्यांचा धोका वेगळा आहे. गरम तेल शाई थेट अन्नात उतरवतं आणि ते आपण लगेच खातो. इथे एका कुंडीला दीड-दोन ग्रॅम कागद जातो, तो 18-20 लिटर मातीत मिसळतो, आणि काळ्या शाईचा रंग म्हणजे मुख्यतः काजळी. फळभाजीला मी काळजी करणार नाही. मनात खुटखुट राहिली तर कुरिअरच्या पेटीत भरावाला येणारा बिनछपाईचा खाकी कागद वापरा, तो जाड असल्याने एकच वेढा पुरतो. चकचकीत रंगीत पुरवणी मात्र कधीच नको, ती पाणीही नीट शोषत नाही.

तारखा उलट्या मोजा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. त्यानंतर आठवडाभर विजा-वाऱ्याच्या सरी धरून चाला, म्हणजे रोपं मोठ्या पिशव्यांत 15 ऑक्टोबरच्या पुढे. मिरचीला 35-40 दिवस लागतात, ती आज पेरा, उशीर झालेला नाही. वांग्याला 30-35, म्हणजे 10-12 सप्टेंबर. टोमॅटोला 25-30, म्हणजे 16 ते 20 सप्टेंबर. कारल्याला 15, ते 1 ऑक्टोबरला. सगळं एकाच रविवारी पेरलं तर कारलं डब्यात एकमेकांत गुंतेल आणि मिरची तोवर दोन पानांवर असेल.

सध्याची पिवळी टोमॅटोची रोपं टाकू नका. कागद फाडून नव्या मिश्रणात दलपत्रांपर्यंत गाडून लावा आणि चार दिवसांनी 19:19:19 द्या.

उगाच_उठाठेव

लावतानाचं कुणीच बोललं नाही, आणि कागदाची कुंडी फसते ती तिथेच.

लावायच्या आधी कुंडी रोपासकट पाच मिनिटं पाण्यात बुडवा. कोरडा कागद मातीत गेला की तो कोरडाच राहतो, भोवतीच्या ओल्या मातीतलं पाणी आत जात नाही, आणि पाणी देऊनही रोप सुकतं. मग मिश्रणाच्या वर आलेला कागदाचा काठ पूर्ण फाडून टाका. मातीबाहेर उरलेला काठ वातीसारखं काम करतो, मुळांजवळचं पाणी वर ओढून वाऱ्यात उडवतो. तुमच्या मजल्यावर तर जास्तच. तळाच्या घड्या उलगडून काढा, बाजूला दोन उभे चिरे द्या, आणि कुंडीचा वरचा काठ मातीखाली सेंटिमीटरभर जाईल एवढं खोल बसवा. भोवतीची माती बोटांनी दाबा, कागद आणि माती यांत पोकळी राहिली तर मुळं तिथेच थांबतात.

लावायच्या आधीचा आठवडा पाणी थोडं कमी करा आणि ऊन तासा-तासाने वाढवा. लावल्यावर पहिले चार-पाच दिवस 50 टक्के सावलीची हिरवी जाळी. तुमच्याकडे ऊन दुपारचंच आहे, म्हणून लावणी संध्याकाळी पाचनंतर.

चोथा आणि साल (नेरूळ)

जाळी सुरुवातीपासूनच लावा. बाराव्या मजल्यावर गोगलगाय येणार नाही, पण कबुतरं येतील, आणि त्यांना दलपत्रांपेक्षा कागद आणि सुतळी जास्त आवडते, घरट्याला.

ग्रिलवाली बाग, घोडबंदर रोड

मिरची आज पेरते. एका कुंडीत बिया किती आणि खोल किती?

सानपाड्याचा माळी

दोन बिया, अर्धा सेंमी खोल, वर वाळू. डब्यावर झाकण सैल ठेवा, रुजायला 8 ते 14 दिवस लागतात. पहिला कोंब दिसला त्या दिवशी झाकण काढा, बाकीच्यांची वाट बघू नका.